नाव आपलं, यंत्र परक्या कारखान्याचं: एअर प्युरिफायर मागवण्यापूर्वी

दुसऱ्याच्या कारखान्यात तयार झालेल्या यंत्रावर आपलं नाव छापलं की कायद्याच्या नजरेत ते यंत्र आपणच बनवलेलं ठरतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादक कोण, याची व्याख्या दिली आहे. इतरांनी बनवलेल्या वस्तूवर स्वतःचं चिन्ह लावणाराही त्या व्याख्येत येतो. मुलांच्या खोलीत रात्रभर चालणारं यंत्र तापलं, त्यातून ओझोन बाहेर पडला किंवा खोक्यावर ‘एच१३’ ही फिल्टरची वरची श्रेणी छापून आत भलतंच कापड निघालं, तर ग्राहक ते बनवणाऱ्या चीनमधल्या कारखान्याला पत्र लिहीत बसणार नाही. तो ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या तुमच्या दुकानाची पायरी चढेल आणि कायदा त्याच्या बाजूने असेल. आपल्या ब्रँडचा प्युरिफायर मागवताना या जबाबदारीची किंमत आधी समजून घ्यायला हवी. खालचा सगळा तपशील त्यासाठीच आहे.

ग्वाल्हेरात या यंत्राला मागणी का आहे, हे वेगळं सांगायला नको. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या यादीत शहराचा पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, वार्षिक सरासरी आकडा घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम होता आणि इराणमधल्या झाबोलनंतर ग्वाल्हेरचा क्रमांक लागला होता. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही ग्वाल्हेर आहेच. पण इथली हवा, इथली घरं आणि इथली वीज ज्यांच्यासाठी कारखाना यंत्रं बनवतो त्यांच्यापेक्षा वेगळी आहे. घोटाळ्यांची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

तयार साचा, आपलं नाव

कारखाने तीन प्रकारे काम करतात. पहिल्या प्रकारात तयार मॉडेलवर फक्त नाव आणि खोकं बदलतं. दुसऱ्यात बाहेरचा साचा तोच राहतो, पण रंग, बटणांची पट्टी, आतला प्रोग्रॅम आणि फिल्टर आपल्या मागणीप्रमाणे होतात. तिसऱ्यात साचाही आपला. साच्याचा खर्च लाखांत जातो आणि साचा पडून राहतो त्यांच्याच कारखान्यात. म्हणून मालकी कोणाची आणि हवा तेव्हा तो उचलून नेता येईल का, हे करारात नसेल तर पैसे आपले आणि साचा त्यांचा अशी गत होते. पहिल्यांदा उतरणाऱ्याने दुसरा प्रकार निवडावा, असं आमचं ठाम मत आहे. नुसतं नाव बदललेलं यंत्र दिल्लीच्या घाऊक बाजारात दहा वेगळ्या नावांनी मिळतं आणि त्याच्या फिल्टरवर आपला काहीच ताबा राहत नाही.

नावाची नोंदणी आधी करा. एअर प्युरिफायर ट्रेडमार्कच्या ११ व्या वर्गात येतो. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती आणि लघुउद्योगांना प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये आहे. चीनमध्ये जो आधी अर्ज करतो त्याचा हक्क, असा नियम आहे. आपलं नाव तिथे दुसऱ्या कोणी नोंदवलं तर आपलाच माल त्यांच्या कस्टम्समध्ये अडकू शकतो. दरवर्षी माल आणायचा बेत असेल तर तिथलाही अर्ज करून ठेवावा.

खोलीचा आकार आणि सीएडीआरचा हिशोब

यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, त्या आकड्याला सीएडीआर म्हणतात. वेगळ्या शब्दांत, पंख्यातून जाणारी हवा गुणिले फिल्टरची पकड. काही माहितीपत्रकांत सीएडीआरच्या जागी नुसता पंख्याचा प्रवाह छापतात, तोही फिल्टर काढून मोजलेला. मोठा, गोल आकडा दिसला की चाचणी अहवाल मागा. अहवालावर मॉडेल नंबर, प्रयोगशाळेचं नाव, मानक आणि तारीख हवी. चिनी कारखाना जीबी/टी १८८०१ या मानकाचा अहवाल देतो. त्याची २०१५ ची आवृत्ती जुनी झाली, आता २०२२ ची चालते. अमेरिकन अहवालात आकडा मिनिटाला घनफूट या मापात असतो, त्याला १.७ ने गुणलं की तासाला घनमीटर मिळतात. २३५ चे सुमारे ४०० होतात.

आता क्षेत्रफळाचा दावा पाहू. चिनी मानकात सीएडीआरला ०.०७ ते ०.१२ ने गुणून क्षेत्रफळ काढतात. ४०० च्या यंत्रासाठी ते २८ ते ४८ चौरस मीटर येतं, आणि खोक्यावर अर्थातच ४८ छापलं जातं. ४८ चौरस मीटर म्हणजे सुमारे ५१५ चौरस फूट. छत १० फुटांवर असेल तर अशा खोलीतली हवा तासाला तीन वेळासुद्धा पूर्ण फिरत नाही. ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात तासाला पाच फेऱ्या धरणं योग्य.

लष्करातल्या जुन्या वाड्यांची छतं १२-१३ फुटांवर आहेत, हे विसरू नका. १२ बाय १५ ची खोली, छत १३ फूट: २,३४० घनफूट, म्हणजे ६६ घनमीटर. पाच फेऱ्यांसाठी ३३० चा सीएडीआर लागतो. तीच खोली सिटी सेंटरच्या १० फुटी छताच्या फ्लॅटमध्ये असेल तर २५५ पुरतो. आपल्या माहितीपत्रकात चौरस फुटांशेजारी गृहीत धरलेली छताची उंचीही लिहा.

आणखी एक पेच आहे. सीएडीआरचा आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो आणि त्या वेगाला झोप लागणार नाही इतका आवाज येतो. माणसं रात्री यंत्र सर्वांत खालच्या वेगावर लावतात. म्हणून प्रत्येक वेगाचा सीएडीआर आणि एक मीटरवरचा आवाज असा तक्ता कारखान्याकडून लेखी घ्या. ३५० चं यंत्र रात्री ६० वर आलं तर त्या खोलीला त्याचा फारसा उपयोग नाही.

फिल्टर: खरा माल हाच

हेपा म्हणजे बारीक कण अडवणारा दाट फिल्टर, पण या शब्दामागे मानक असेल तरच त्याला अर्थ आहे. युरोपियन ईएन १८२२ नुसार एच१३ म्हणजे सर्वांत कठीण आकाराच्या कणांपैकी ९९.९५ टक्के अडवणारा, ई१२ म्हणजे ९९.५ टक्के आणि ई११ म्हणजे ९५ टक्के. ‘सर्वांत कठीण आकार’ साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचा. त्याहून मोठे कण आदळून अडकतात, त्याहून लहान भरकटत तंतूंना चिकटतात, मधले निसटतात. ‘हेपा-टाइप’ किंवा ‘ट्रू हेपा’ लिहिलं आणि मानकाचा आकडा दिला नाही, तर त्या शब्दांना काही किंमत नाही.

तरीही एच१३ च्या मागे वेड्यासारखं लागायची गरज नाही. खोलीतली तीच हवा पुन्हा पुन्हा फिल्टरमधून जाते, त्यामुळे चांगला प्रवाह असलेला ई१२ फिल्टर कोंडलेल्या एच१३ पेक्षा खोली लवकर स्वच्छ करू शकतो. मग ई१२ घ्या आणि खोक्यावर ई१२ च छापा.

स्वस्त प्युरिफायरमधलं कापड बहुधा मेल्टब्लोन पॉलिप्रॉपिलिनचं असतं. ते विणलेलं नसून वितळलेल्या प्लास्टिकचे तंतू फुंकून तयार होतं आणि त्याला स्थिर विद्युतभार दिलेला असतो. कण पकडण्याचं मोठं काम हा भार करतो. धूर, तेलकट वाफ आणि अल्कोहोल यांनी तो उतरतो. नव्या फिल्टरची चाचणी उत्तम येते आणि दोन महिन्यांनी तोच फिल्टर ढिला पडतो, त्याचं हे एक मोठं कारण. उपाय असा: प्रयोगशाळेला कापडाचा तुकडा द्या, एकदा आहे तसा आणि एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भार उतरवून पकड मोजायला सांगा. दोन आकड्यांतली दरी जितकी मोठी तितका तो फिल्टर निव्वळ भारावर उभा आहे.

कापड किती आहे हे घरीही मोजता येतं. उंची गुणिले घडीची खोली गुणिले दोन गुणिले घड्यांची संख्या. ३०० मिलिमीटर उंच, ३० मिलिमीटर खोल, १२० घड्या: २.१६ चौरस मीटर. नमुन्यात १२० घड्या आणि मालात ९० असतील तर कारखान्याने चौथाई कापड वाचवलं. फिल्टर वजनकाट्यावर ठेवला तरी हे कळतं. ही सगळ्यात नेहमीची लबाडी आहे आणि ती पकडायला फक्त मोजपट्टी लागते.

फिल्टर किती दिवस टिकेल, ते चिनी मानकातल्या सीसीएम या आकड्यावरून काढतात. सीएडीआर निम्म्यावर येईपर्यंत फिल्टर किती मिलिग्रॅम कण खातो, तो हा आकडा. २०१५ च्या आवृत्तीत सर्वांत वरची श्रेणी पी४ होती, म्हणजे १२,००० मिलिग्रॅम किंवा जास्त. समजा यंत्र चालू असताना खोलीत सरासरी ४० मायक्रोग्रॅम आहेत, यंत्र तासाला २०० घनमीटर स्वच्छ करतंय आणि रोज १२ तास चालतंय. रोजचे ९६ मिलिग्रॅम झाले, म्हणजे १२,००० मिलिग्रॅमला सुमारे १२५ दिवस. चाचणी सिगारेटच्या धुराने होते आणि घरातली धूळ वेगळी असते, त्यामुळे हा अंदाजच. पण खोक्यावरचं ‘१२ महिने’ ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात खरं ठरणार नाही, एवढं त्यावरून स्पष्ट होतं. ‘रोज इतके तास, इतक्या महिन्यांनी बदला’ असं लिहा.

फिल्टरच्या आधी धुता येणारी जाळी हवीच. इथल्या हवेत रस्त्याची आणि दगडाची जाड धूळ भरपूर. जाळी सैल असेल तर हेपाच्या घड्या दोन आठवड्यांत तपकिरी होतात. जाळी काढायला स्क्रू लागता कामा नये, नाहीतर कोणी धुणार नाही.

कोळशाचा थर म्हणून पुष्कळदा काळी स्पंजची पट्टी देतात. तिच्यावर कोळशाची जेमतेम भुकटी असते आणि वास थोड्या दिवसांत परत येतो. स्वयंपाकाच्या वासाचा दावा करायचा असेल तर नारळाच्या करवंटीच्या कोळशाचे दाणे, काही शे ग्रॅम, आणि करारात ते वजन लिहिलेलं हवं.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे कडेचं रबर. फिल्टर कितीही चांगला असो, त्याच्या आणि यंत्राच्या भिंतीमध्ये दोन मिलिमीटरची फट राहिली तर हवा तिथून पळते, कारण हवेला सोपी वाट हवी असते. फिल्टर बसवून कडेने अगरबत्ती फिरवा. धूर फटीत ओढला जाताना डोळ्यांना दिसतो.

ओझोन, मोटर, सेन्सर, वीज

‘आयन’ (हवेतल्या कणांना विद्युतभार देणं) आणि ‘यूव्ही’ (अतिनील दिवा) या सुविधा कारखाना जवळपास फुकटात देऊ करतो. आमचा सल्ला आहे, नको म्हणा. आयनायझर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि थोडाफार ओझोन तयार करतो. यूव्ही दिव्यात २५४ नॅनोमीटरची लहर ठीक, पण दिव्याच्या काचेतून १८५ नॅनोमीटरची लहर बाहेर आली तर ओझोन होतो. ओझोन फुप्फुसाला त्रास देतो, आणि थंडीत दारं-खिडक्या बंद करून दम्याचा रुग्ण त्याच हवेत झोपतो. कॅलिफोर्नियात अशा यंत्रांना ओझोनची ५० पीपीबी, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत ५० भाग, अशी मर्यादा आहे. सुविधा ठेवायचीच असेल तर निदान त्या मर्यादेचा अहवाल मागा आणि आयनचं बटण वेगळं, मुळात बंद असलेलं ठेवा. ‘विषाणू ९९.९ टक्के नष्ट’ असे दावे प्रयोगशाळेचा अहवाल हातात नसताना छापलेत, तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार तुमच्या नावावर होईल.

मोटर ब्रशलेस डीसी घ्या. वीज कमी खाते आणि कमी वेगावर गुरगुरत नाही. वीजपुरवठ्याचं सर्किट १०० ते २४० व्होल्टवर चालणारं हवं आणि वरच्या झटक्यासाठी व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज रोखणारा भाग) बसवलेला हवा. हिवाळ्यात लोड वाढला की व्होल्टेज पडतं, वीज परत येताना उसळतं. आणखी एक बारीक गोष्ट कारखान्याला आवर्जून सांगा: वीज जाऊन आल्यावर यंत्र आधीच्याच वेगावर आपोआप सुरू झालं पाहिजे. स्पर्शाच्या पॅनलची पुष्कळ यंत्रं वीज आल्यावर बंदच राहतात. रात्री दोनला वीज गेली तर सकाळपर्यंत खोलीत प्युरिफायर नाही, आणि ग्राहकाला ते समजतही नाही. हा बदल प्रोग्रॅममधला आहे, साच्यातला नाही, त्यामुळे स्वस्तात होतो.

हवेतले कण मोजणारा सेन्सर लेझरचा मागा. इन्फ्रारेडचा स्वस्त सेन्सर अंदाजे सांगतो. लेझर सेन्सरही धुक्यात जास्त आकडा दाखवतो, कारण पाण्याचे थेंब त्याला कणच वाटतात. जानेवारीच्या सकाळी खिडकी उघडताच आकडा उसळला तर यंत्र बिघडलेलं नाही, हे माहितीपुस्तकात लिहा. रंगांचीही गडबड असते. चिनी प्रोग्रॅममध्ये पीएम २.५ चा आकडा ७५ पर्यंत ‘चांगला’ धरतात. आपल्याकडे ३० पर्यंत चांगला, ६० पर्यंत समाधानकारक, ९० पर्यंत मध्यम, १२० पर्यंत वाईट, २५० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर. ७० ला हिरवा दिवा लागला तर ग्राहक मोबाईलवरचा आकडा बघून यंत्रावर विश्वास ठेवणार नाही. मर्यादा बदलून घ्या आणि पडद्यावर मायक्रोग्रॅम आहेत की निर्देशांक, हे छापा.

कारखाना गाठणं

घरगुती उपकरणांचे कारखाने मुख्यतः ग्वांगडाँग प्रांतात शुंडे, झोंगशान, डोंगग्वान, शेन्झेन या भागांत आणि झेजियांगमध्ये निंगबो-त्सिशी पट्ट्यात आहेत. ग्वांगझूचा कँटन फेअर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये भरतो. उपकरणं पहिल्या टप्प्यात असतात.

समोरचा कारखानदार आहे की दलाल, हे व्यवसाय परवान्यावरून ओळखा. परवान्यावर १८ अंकी-अक्षरी ओळखक्रमांक असतो आणि व्यवसायाची व्याप्ती चिनीत लिहिलेली असते. तिथे ‘उत्पादन’ आहे की फक्त ‘विक्री’, ते भाषांतर करून घ्या. पैसे ज्या खात्यात मागतात ते खातं परवान्यावरच्या कंपनीच्याच नावाचं हवं. ऐनवेळी ‘बँक बदलली, नव्या खात्यात पाठवा’ असा ईमेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा, ईमेलमधल्या नंबरवर नाही. ईमेल फोडून असे पैसे पळवले जातात आणि एकदा गेलेली रक्कम परत मिळणं फार अवघड असतं. दलाल वाईटच असतो असं मात्र नाही. शंभर-दोनशे यंत्रं हवी असतील तर कारखाना दाराशी उभं करत नाही आणि दलाल चार जणांची ऑर्डर एकत्र करतो.

नमुने तीन मागवा. एक उघडून पूर्ण सुटा करा, एक प्रयोगशाळेला द्या, एक महिनाभर रोज चालवा. पसंत पडला की तशीच तीन यंत्रं सही-शिक्क्याने सीलबंद करा: एक तुमच्याकडे, एक कारखान्यात, एक तपासनिसाकडे. करारासोबत भागांची यादी जोडा. मोटरचा मेक, सेन्सरचा मॉडेल नंबर, फिल्टर कापडाची श्रेणी, घड्यांची संख्या, कोळशाचं वजन, अडॅप्टर, वायर. खाली एक वाक्य हवं: लेखी संमतीशिवाय कोणताही भाग बदलता येणार नाही. या यादीशिवाय भांडणात तुमच्या हातात काहीच नसतं.

पैशांची रीत साधारण ३० टक्के आगाऊ, ७० टक्के माल निघण्यापूर्वी. या दोन्हींच्या मध्ये तपासणी बसली पाहिजे. तपासणी आयएसओ २८५९-१ या नमुना पद्धतीने होते. ३५० यंत्रांच्या मालातून सर्वसाधारण पातळीवर ५० यंत्रं उचलतात. मोठ्या दोषांची स्वीकार्य मर्यादा २.५ ठरवली तर तीन चालतात, चौथ्याला माल नापास. ४.० च्या मर्यादेला किरकोळ दोष पाच चालतात, सहावा नाही. विजेचा धक्का, उघडी वायर, जळका वास असा गंभीर दोष एकही नाही. तपासनिसाला सांगा की सुमारे पाच यंत्रं उघडून फिल्टर मोजा, हाय-पॉट चाचणी (उच्च दाबाची वीज लावून गळती पाहणं) समोर करा आणि एक खोकं ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाका: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. हे झाल्यावर यंत्र सुरू व्हायला हवं आणि पंखा घासता कामा नये.

भारतातली कागदपत्रं

आयात-निर्यात कोड पॅनवर मिळतो, फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो, नाहीतर निष्क्रिय होतो. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) ज्या बंदरावर माल येणार तिथे नोंदवलेला हवा. एअर प्युरिफायरचा कस्टम्स वर्ग ८४२१ च्या गटात आहे. यंत्रात ह्युमिडिफायर किंवा कूलर जोडलेला असेल तर मुख्य काम कोणतं, यावरून वर्ग बदलतो. हे क्लिअरिंग एजंटशी आधीच ठरवा, माल बंदरावर आल्यावर नाही.

सर्वांत जड प्रश्न बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा. घरगुती विजेच्या उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये एक व्यापक गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. त्याचा पाया आयएस ३०२ ही मानकमालिका आहे. अशा आदेशांच्या तारखा पुढे सरकतात, सवलती येतात-जातात, म्हणून आगाऊ रक्कम पाठवण्याच्या दिवशी काय लागू आहे, ते बीआयएसच्या संकेतस्थळावर पाहा आणि त्या पानाची प्रत ठेवा. परदेशी कारखान्याला परवाना लागतो तेव्हा तो कारखान्याच्या नावाने, त्या जागेसाठी मिळतो. आयातदाराला मिळत नाही. कारखान्याला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो आणि १०,००० डॉलरची बँक हमी द्यावी लागते. तीनशे यंत्रांसाठी कोणी हे करणार नाही. परवाना आधीच असलेला कारखाना शोधणं हाच व्यवहार्य मार्ग. वेगळा अडॅप्टर असेल तर त्याची बीआयएस नोंदणी पाहा आणि प्लग आयएस १२९३ चा असावा. चिनी चपट्या पिनचा प्लग आणि सोबत जोडणी देणं म्हणजे आगीला आमंत्रण.

वाय-फाय असेल तर डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्राच्या वायरलेस विभागाची, ईटीए मान्यता लागते. नको असेल तर वाय-फाय काढूनच टाका, खर्चही वाचतो.

खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, वस्तूचं नाव, संख्या, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. हे वैधमापन नियमांनुसार, आणि आयातदार म्हणून वेगळी नोंदणीही लागते. लेबल चीनमध्येच छापून लावून घ्या. बंदरावर साडेतीनशे खोक्यांना हाताने लेबल लावणं महागात पडतं. ई-कचरा नियम २०२२ प्रमाणे आयातदार हाच उत्पादक, म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर आपलं यंत्र अनुसूचीत कुठे बसतं ते बघून नोंदणी करा. प्लास्टिक वेष्टनाची नोंदणी वेगळी.

पडता किती?

ग्वाल्हेरच्या दाल बाजारात ज्याला ‘पडता’ म्हणतात, म्हणजे माल दुकानात येईपर्यंतचा एका नगाचा सगळा खर्च, तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. खालचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. सीमाशुल्काचा दर त्या दिवशीचा तपासून घ्या.

समजा यंत्र चीनच्या बंदरावर ४,००० रुपयांना पडलं. जहाजभाडं आणि विमा २५०, एकूण ४,२५०. मूळ सीमाशुल्क १० टक्के धरलं तर ४२५. त्यावर समाजकल्याण अधिभार त्या शुल्काच्या १० टक्के, म्हणजे ४२.५०. बेरीज ४,७१७.५०. त्यावर १८ टक्के आयजीएसटी ८४९.१५. जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटी पुढे वळता होतो, पण ३५० यंत्रांचे जवळपास २ लाख ९७ हजार माल विकेपर्यंत अडकून राहतात. क्लिअरिंग आणि ग्वाल्हेरपर्यंतची गाडी, यंत्रामागे २००. आता नमुने, चाचण्या, तपासनीस, ट्रेडमार्क, नोंदण्या मिळून चार लाख झाले असं धरा. ३५० वर वाटले की यंत्रामागे १,१४३. पडता सहा हजारांच्या वर गेला. ४,००० च्या यंत्राचा पडता ४,९०० समजून भाव ठरवणारा इथे बुडतो, कारण एकदाच होणारा खर्च त्याने वहीत वेगळ्या पानावर लिहिलेला असतो.

भावात सीआयएफ (जहाजभाडं आणि विमा धरून दिलेला भाव) स्वस्त दिसला तर सावध व्हा. भाडं ते कमी दाखवतात आणि इथल्या बंदरावरचा एजंट उरलेलं वसूल करतो. पहिल्या वेळी एफओबी (चीनमध्ये जहाजावर चढवेपर्यंतचा भाव) घ्या आणि जहाजाचा एजंट आपला ठेवा. ३५ बाय ३५ बाय ६० सेंटिमीटरचं खोकं ०.०७३५ घनमीटरचं. २० फुटी कंटेनरमध्ये वापरता येणारी जागा सुमारे २८ घनमीटर, म्हणजे हिशोबाने ३८०, प्रत्यक्षात साडेतीनशेच्या आसपास. ग्वाल्हेरला सर्वांत जवळ मालनपूरचा कंटेनर डेपो आहे. तुमच्या जहाज कंपनीचा कंटेनर तिथपर्यंत रेल्वेने नियमित येतो का, ते विचारून मगच बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर) ते नाव घाला. नाहीतर न्हावा शेवा किंवा मुंद्र्यालाच माल सोडवून ट्रकने आणा.

वेळापत्रक उलटं मांडा

विक्री दसऱ्यानंतर सुरू होते आणि फेब्रुवारीत थंडावते. म्हणजे माल सप्टेंबरअखेर दुकानात हवा. समुद्राचे तीन ते चार आठवडे, क्लिअरिंग आणि रस्त्याचा दीड आठवडा, उत्पादनाचे ३० ते ४५ दिवस. आगाऊ रक्कम उशिरात उशिरा जूनअखेर गेली पाहिजे, म्हणून नमुने मार्चमध्येच मागवा. चिनी नववर्षाला जानेवारी-फेब्रुवारीत कारखाने दोन ते चार आठवडे बंद असतात आणि सुट्टीनंतर पुष्कळ कारागीर परतत नाहीत. त्या दिवसांत नव्या हातांनी जोडलेल्या मालात दोष जास्त निघतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही सुट्टी असते.

माल पावसाळ्यात समुद्रावर असेल, तेव्हा कंटेनरमध्ये ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगायला सांगा. कोळसा ओल आणि वास दोन्ही शोषतो, म्हणून फिल्टर हवाबंद प्लास्टिकमध्ये येतात. आणि ग्राहक ते प्लास्टिक न काढताच यंत्र सुरू करतात! हवा जातच नाही, मोटर तापते आणि तक्रार येते की यंत्र काम करत नाही. फिल्टरच्या झाकणावर, उघडल्याशिवाय यंत्र चालूच होणार नाही अशा जागी, लाल पट्टी लावा: ‘आधी प्लास्टिक काढा’, मराठीत आणि हिंदीत.

शेवटी फिल्टरचा साठा. पहिल्याच कंटेनरमध्ये यंत्रामागे निदान एक जादा फिल्टर हवा, आणि जागा कमी पडली तर यंत्रं कमी करा, फिल्टर नको. जानेवारीत पहिले फिल्टर भरतात आणि तेव्हाच कारखाना सुट्टीवर असतो. तेव्हा फिल्टर मिळाला नाही तर ग्राहक यंत्र माळ्यावर टाकतो आणि शेजाऱ्यालाही तेच सांगतो. फिल्टरचं माप पुढच्या मॉडेलला बदलणार नाही, आणि साचा बंद झाला तरी पाच वर्षं फिल्टर देत राहू, हे कारखान्याकडून लिहून घ्या. यंत्राच्या पाठीवर फिल्टरचा नंबर आणि खाली ‘बदलल्याची तारीख’ असे चार रिकामे रकाने छापून घ्या, पेनाने लिहिता येईल अशा खरखरीत कागदावर. चकचकीत स्टिकरवर शाई टिकत नाही.